घरच्या बागेतला चाफा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाफा लावणाऱ्यांना शंका येतात त्या बहुतेक दोन वेळी. झाडाची सगळी पानं गळून नुसत्या काटक्या उरल्या की, आणि पानं भरपूर असूनही फूल येत नाही तेव्हा. म्हणून या दोन प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे. बाकीची उत्तरं आटोपशीर आहेत, कारण चाफा मुळात फार मागण्या करणारं झाड नाही.

कुठल्या चाफ्याबद्दल बोलतोय आपण?

जाड, फुगीर फांद्यांचा, तोडला की पांढरा चीक येणारा आणि पाच पाकळ्यांची फुलं देणारा चाफा. कुणी त्याला खुरचाफा म्हणतं, कुणी देवचाफा, तर कुणी पांढरा किंवा लाल चाफा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. सोनचाफा, कवठी चाफा, नागचाफा, हिरवा चाफा यांच्याशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याचे भाऊबंद म्हणजे कण्हेर, सदाफुली आणि अडेनियम. त्या घरातली झाडं चिकावरून आणि फुलाच्या मुरडलेल्या पाकळ्यांवरून ओळखू येतात.

मूळचा तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून प्लुमेरिया हे नाव पडलं. आज उष्ण कटिबंधात सगळीकडे तो इतका रुळलाय की निकाराग्वा आणि लाओस या एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन देशांचं राष्ट्रीय फूल चाफाच आहे.

बागेत साधारण तीन प्रकार भेटतात. प्लुमेरिया रुब्राचं पान टोकदार असतं, फुलं पांढरी-पिवळी, गुलाबी, लाल किंवा मिश्र रंगाची, आणि त्याची पानगळ पूर्ण होते. प्लुमेरिया ऑब्ट्युसाचं पान टोकाला गोलसर, गडद आणि चकचकीत, फूल पांढरं. उबदार हवेत त्याची पानं बहुतेक टिकून राहतात. तिसरा प्लुमेरिया प्युडिका. त्याचं पान नागाच्या फण्यासारखं, झाड झुडपी, फुलांचे घोस भरघोस, पण वास जवळजवळ नाही. पानगळीचा खरा चाफा म्हणजे रुब्रा, आणि पुढची माहिती मुख्यतः त्याचीच आहे.

लहान बागेला हे झाड सोयीचं का?

जमिनीत तो बहुधा चार ते सहा मीटरवर थांबतो आणि हळू वाढतो. मुळं वरच्या थरात पसरतात, आक्रमक नसतात, त्यामुळे पाया किंवा फरशी उचकटण्याची भीती नाही. तरी भिंतीपासून दोन-तीन मीटर अंतर ठेवा, ते फांद्यांच्या पसाऱ्यासाठी. उन्हाळ्यात दाट सावली आणि थंडीत पानं गळाल्यामुळे ऊन, असा दुहेरी फायदा खिडकीजवळच्या झाडामुळे मिळतो. पाणी कमी लागतं, खारी हवा सोसते.

मला स्वतःला तो निष्पर्ण असतानाही आवडतो. राखाडी फांद्यांची ती दुहेरी-तिहेरी विभागणी पानांत झाकलेली असते, ती थंडीतच नीट दिसते.

सगळी पानं पिवळी पडून गळाली. झाड मेलं का?

बहुतेक वेळा नाही. दिवस लहान झाले, हवा गार किंवा कोरडी झाली की रुब्रा पानं टाकतो आणि विसाव्याला जातो. त्याच्या मूळ प्रदेशात वर्षातले काही महिने कोरडे जातात. पानांतून पाणी उडून जाऊ द्यायचं नाही, म्हणून तो पानंच सोडून देतो आणि जाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर व अन्नावर तग धरतो. फांद्यांचा तो मांसलपणा म्हणजे त्याचं कोठारच.

पानगळ नैसर्गिक आहे की आजारामुळे, हे ओळखायला फांदी दाबून पाहा. कडक लागली तर काळजी नको. किंचित सुरकुत्या दिसल्या तरी हरकत नाही, पालवीच्या वेळी पाणी मिळालं की त्या भरून येतात. शंका असेल तर नखाने साल अगदी किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं आणि चिकाचा थेंब आला तर फांदी जिवंत आहे. दाबल्यावर मऊ लागली, आत पोकळ वाटली किंवा तपकिरी पाणी आलं, तर ती कुज आहे. त्याचा वेगळा प्रश्न पुढे घेतला आहे.

विसावा किती दिवसांचा हे हवेवर ठरतं. थंडी लांबली तर पालवी लांबते. एकाच बागेतल्या दोन चाफ्यांपैकी एक महिनाभर आधी पालवतो आणि दुसरा ढिम्म राहतो, असंही होतं. जातींचा स्वभाव वेगळा असतो, घाई करू नका. कित्येकदा उघड्या फांदीच्या टोकाला पानांच्या आधी फुलोराच दिसतो.

उलट ऐन वाढीच्या काळात, हवा उबदार असताना पानं पिवळी पडू लागली तर कारण शोधा. बहुधा मुळांशी पाणी साचलेलं असतं, नाहीतर तांबेरा हा बुरशीचा रोग किंवा कोळी ही बारीक कीड लागलेली असते. फक्त खालची एक-दोन जुनी पानं पिवळी होत असतील तर ते नेहमीचंच.

विसाव्यात पाणी किती द्यायचं?

जवळजवळ नाहीच. जमिनीतल्या मुरलेल्या झाडाला या काळात काहीच लागत नाही. कुंडीतल्या झाडाची माती पूर्ण सुकून फांद्यांवर सुरकुत्या वाढू लागल्या, तर महिन्यातून एखाद्या वेळी थोडं पाणी पुरे.

हे मी जोर देऊन सांगते, कारण चाफे तहानेने फार क्वचित मरतात. मरतात ते मायेपोटी घातलेल्या पाण्याने. झाड ओकंबोकं दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो. पण पानं नाहीत म्हणजे पाणी ओढून वर नेणारं काही नाही. ओल मुळांशी तशीच राहते, थंड मातीत बुरशीला रान मोकळं मिळतं आणि कुज खालून वर चढते. बाहेरून कळेपर्यंत महिना-दोन महिने उलटलेले असतात.

शेंड्याला पालवी फुटून पानं बोटभर झाली की पाणी हळूहळू सुरू करा. पूर्ण पानोरा आल्यावर मात्र हात आखडू नका. उन्हाळ्यात कुंडीतल्या झाडाला एक-दोन दिवसांआड भरपूर पाणी लागू शकतं. नियम एकच: वरची दोन-तीन इंच माती कोरडी लागली की मनसोक्त पाणी, त्याआधी नाही.

सतत पाऊस असेल तर काय करावं?

जमिनीतलं झाड उंचवट्यावर असेल तर काही नाही. कुंडीखालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, तळाची भोकं मोकळी आहेत ना ते पाहा. नुकत्या लावलेल्या फांद्या मात्र आडोशाला घ्या.

जागा कशी निवडावी?

थेट ऊन रोज किमान सहा तास. याहून कमी उन्हात झाड जगतं, उंच आणि विरळ होतं, फुलत नाही. जोराच्या वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात, कारण लाकूड ठिसूळ असतं. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर लावू नये. घरात वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं आणि सालसुद्धा भाजते. आठवडा-दीड आठवडा सकाळचं ऊन देऊन सवय लावा.

माती कशी हवी?

निचरा होणारी. सुपीकता नंतर. चिकट काळ्या मातीत खड्डा खणून त्यात फक्त वाळू भरली, तर खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं होतं, कारण भोवतालच्या मातीतून पाणी बाहेर जात नाही. त्यापेक्षा फूट-दीड फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर झाड लावा.

कुंडीसाठी बागेची माती, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट समप्रमाणात घ्या. माती फार चिकट असेल तर तिचा वाटा कमी करा. कोकोपीट जपून वापरा, ते ओल फार धरून ठेवतं.

कुंडीत वाढेल का? किती मोठी कुंडी?

छान वाढतो. फांदी रुजवायला आठ इंची कुंडी, मग दर दोन-तीन वर्षांनी एक आकार वाढवत जा. सोळा ते अठरा इंचांत झाड कित्येक वर्षं दीड-दोन मीटरवर राहतं. सुरुवातीलाच मोठी कुंडी घेऊ नका. जिथे मुळं पोचलेली नाहीत ती माती ओली राहते आणि कुजीला निमंत्रण मिळतं. मातीची कुंडी मला प्लास्टिकपेक्षा बरी वाटते. ती श्वास घेते आणि डोक्याकडे जड असणारं झाड वाऱ्यात कलंडू देत नाही. कुंडी बदलायची ती पालवी फुटण्याच्या जरा आधी.

फांदीपासून रोप कसं करायचं?

चाफ्याची सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच. ओळखीच्या कुणाच्या झाडाची एक फांदी मिळाली की तेच फूल, तोच वास आपल्या दारात येतो.

फांदी घ्यायची ती विसाव्याच्या शेवटी, हवा तापू लागताना. अंगठ्याएवढी जाड, राखाडी साल धरलेली, एक ते दीड फूट लांबीची. हिरव्या कोवळ्या शेंड्याची फांदी लवकर कुजते. पानं असतील तर देठ ठेवून कापा. फुलोरा असेल तर काढून टाका, मन घट्ट करून.

यानंतरची पायरी चुकवायची नाही. फांदी सावलीत, हवेशीर कोरड्या जागी आठवडा ते दोन आठवडे नुसती ठेवा. कापलेली बाजू पूर्ण सुकून तिच्यावर कडक खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेसकट मातीत गेलेली फांदी बहुधा सडते. ही फांदी अशी महिनाभरही टिकते, त्यामुळे लांबच्या माणसाला पाठवायलाही सोपी.

मग निम्मी जाड वाळू असलेल्या मिश्रणात तीन-चार इंच खोल खोचा, काठीचा आधार बांधा आणि एकदा पाणी द्या. फांदी हलता कामा नये, हलली तर नवी मुळं तुटतात. उबदार, भरपूर उजेडाच्या जागी ठेवा आणि पुढचं पाणी माती सुकल्यावरच, तेही थोडं. मुळं धरायला दीड ते तीन महिने लागतात. माती जितकी उबदार तितकं लवकर. उपटून पाहण्याचा मोह टाळा.

फांदीला पानं आली आणि मग वाळली. असं का?

पहिली दोन-चार पानं फांदीतल्या साठ्यावर येतात. ती मुळं आल्याची खूण नव्हे. पानं दिसली म्हणून पाणी वाढवलं की घोटाळा होतो. पानं चांगली वीतभर होऊन ताठ राहिली, तर समजायचं की खाली मुळं आहेत. तोवर हात आवरता ठेवा. पानं वाळली तरी फांदी कडक असेल तर तिला तशीच राहू द्या, पुन्हा फुटू शकते.

बी लावून पाहावं का?

हौस असेल तर जरूर. चाफ्याला जोडशेंगा क्वचित धरतात आणि पिकायला आठ-नऊ महिने घेतात. तडकल्या की आतून चपट्या, पातळ पंख असलेल्या बिया निघतात. जाड टोक खाली आणि पंख वर ठेवून पेरा. उबेत एक-दोन आठवड्यांत कोंब येतो. पहिलं फूल यायला बहुधा तीन वर्षं किंवा जास्त, आणि ते आईसारखं असेलच असं नाही. रंग, आकार, वास सगळं वेगळं निघू शकतं. हवं तेच फूल हवं असेल तर फांदी किंवा कलम.

झाड हिरवंगार आहे, पण फुलत नाही. काय कमी पडतंय?

आधी ऊन मोजा. दिवसभरात झाडावर थेट ऊन किती तास पडतं ते घड्याळ लावून पाहा. आपण अंदाज करतो त्यापेक्षा ते बरेचदा कमी निघतं, विशेषतः शेजारचं झाड किंवा नवी इमारत वाढली असेल तर.

ऊन पुरेसं असेल तर वय पाहा. फांदीपासून केलेलं रोप साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं. मग छाटणी आठवा. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो. दरवर्षी झाड गोल दिसावं म्हणून शेंडे कापले जात असतील तर फुलं कापूनच टाकली जात आहेत. कापलेल्या जागी फुटलेल्या नव्या फांद्या पक्व व्हायला एक हंगाम, कधी दोन हंगाम घेतात.

चौथं कारण नत्र (नायट्रोजन). हिरवळीला किंवा भाजीला घातलेलं युरियासारखं खत शेजारच्या चाफ्यालाही पोचतं आणि तो नुसता लांब, पोपटी फुटवा देत सुटतो. आणि शेवटचं, विसावाच न मिळणं. वर्षभर सारखं पाणी देऊन झाड जागं ठेवलं तर पुढचा बहर अनेकदा फिका जातो. कोरडा, थंड काळ त्याला घेऊ द्या.

हे सगळं ठीक असेल तर एक हंगाम वाट पाहा. काही जाती मुळातच उशिरा फुलतात.

खत कोणतं आणि कधी?

पालवी फुटल्यापासून पावसाळी वाढ मंदावेपर्यंत. कुंडीला महिन्या-दीड महिन्याने दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, किंवा समतोल दाणेदार खत थोडंसं. जमिनीतल्या झाडाला वर्षातून दोनदा पुरतं. विसाव्यात काहीही नाही.

फुलांसाठी म्हणून विकली जाणारी भरमसाठ स्फुरदाची (फॉस्फरसची) खतं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मातीत स्फुरद गरजेपेक्षा जास्त साचलं की लोह आणि जस्त मुळांना घेता येत नाही, मग नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. एप्सम सॉल्टचंही तेच. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर उपयोग, एरवी नाही.

छाटणी करावी का?

झाड फार उंच झालं किंवा आतल्या फांद्या एकमेकींना घासू लागल्या तरच. चाफा आपली छाटणी आपणच करतो म्हणा ना. टोकाला फुलोरा आला की त्याखालून दोन-तीन फांद्या फुटतात, म्हणून त्याचा आकार आपोआप छत्रीसारखा होतो. उंच सोटा एकच वाढला असेल आणि तो फुटायलाच तयार नसेल, तर हव्या त्या उंचीवर कापा. खालून दोन ते पाच फुटवे येतात.

वेळ विसाव्याच्या शेवटची, कोरड्या दिवशी. हत्यार धारदार आणि स्पिरिटने पुसलेलं. काप तिरका, म्हणजे पाणी वर थांबणार नाही. कापलेल्या फांद्या टाकू नका, शेजाऱ्यांना द्या.

पानाच्या मागे नारिंगी पूड दिसते. हा कोणता रोग?

तांबेरा. चाफ्याचा तांबेरा एका खास बुरशीमुळे होतो. पानाखाली नारिंगी पुरळ, वर त्याच जागी पिवळे ठिपके. दमट हवेत पसरतो, पानं अकाली गळतात, पण झाड सहसा मरत नाही. लागण झालेली पानं तोडा, पडलेली गोळा करून कचऱ्यात टाका, झाडाखाली राहू देऊ नका. पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या. पानगळीचा काळ जवळ आला असेल तर फवारणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, पानं तशीही जाणारच आहेत. हंगामाच्या सुरुवातीलाच जोर असेल तर ताम्रयुक्त बुरशीनाशक, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात.

आणि किडी?

पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, मग साबणाचं सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल, संध्याकाळी. पानं धुळकट, बारीक ठिपक्यांची झाली तर कोळी. तीही पाण्याने आटोक्यात येते. अमेरिका खंडातल्या उष्ण भागांत काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली वीतभर अळी काही दिवसांत झाड बोडकं करते. दिसते भयंकर, पण झाड पुन्हा पालवतं. हाताने, मोजा घालून वेचून काढा.

शेंडा काळा पडला किंवा खोड मऊ लागतंय. वाचेल का?

नुसता शेंडा काळा पडला असेल तर बहुतेक थंडीचा फटका आहे. निरोगी भागापर्यंत कापा, बाजूने नवी फूट येईल.

खोड मऊ असेल तर त्याच दिवशी कापायला घ्या. मऊ भागापासून वर वर चकत्या काढत जा. प्रत्येक कापाला हत्यार पुसा. आतलं लाकूड पूर्ण पांढरं किंवा फिकट हिरवं, चिकाने भरलेलं आणि मधला गाभा डागाशिवाय दिसेपर्यंत थांबू नका. एवढासा तपकिरी ठिपका ठेवला तरी कुज पुन्हा पसरते. निरोगी तुकडा उरला की तो वर सांगितल्याप्रमाणे सुकवून लावा. झाड गेलं तरी त्याची जात वाचते. जुनी माती पुन्हा वापरू नका.

चीक विषारी आहे का?

त्रासदायक नक्की आहे. काहींच्या त्वचेला खाज, पुरळ येतं. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा. छाटताना हातमोजे घाला. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं फांद्या चघळणार नाहीत असं पाहा. नुसत्या फुलाच्या वासाने काही होत नाही.

वास संध्याकाळनंतर का वाढतो?

कारण त्याचे पाहुणे रात्री येतात. फुलांवर मध शोधत फिरणारे मोठे, वेगवान पतंग वासाने ओढले जातात. गंमत म्हणजे चाफ्याच्या फुलात मध नसतोच. पतंग फुलामागून फूल तपासत जातो आणि त्या खटाटोपात पराग इकडून तिकडे पोचतात. झाड काहीही न देता आपलं काम करून घेतं, म्हणूनच कदाचित शेंगा इतक्या कमी धरतात. बसायची जागा झाडाच्या वाऱ्याखालच्या बाजूला ठेवा आणि संध्याकाळी तिथे बसा.

एकाच झाडावर फुलांचा रंग बदलतो, हे ठीक आहे का?

हो. ऊन, तापमान आणि फुलाचं वय यांनुसार गुलाबी-लाल जातींची छटा बदलते. कडक उन्हात काही रंग फिके होतात.

हिवाळ्यात बर्फ पडतो अशा ठिकाणी चाफा ठेवता येईल का?

कुंडीत, हो. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागलं की आत घ्या. पानगळ झालेलं झाड अंधाऱ्या पण न गोठणाऱ्या खोलीत पाण्याविना हिवाळा काढतं. कुंडीतून काढून, मुळांची माती झटकून, कागदात गुंडाळून ठेवणारेही आहेत. गोठणबिंदूला शेंडे मरतात आणि थंडी टिकली तर सगळं झाड. वसंतात उब आल्यावर पुन्हा लावून ऊन दाखवा.

जमिनीतलं मोठं झाड दुसरीकडे हलवता येतं का?

चाफा हे फार चांगलं सोसतो. विसाव्यातच, पालवी फुटण्याच्या बेतात असताना करा. उन्हाकडच्या बाजूला खडूने खूण करून ठेवा आणि नव्या जागी तीच दिशा द्या, नाहीतर सावलीतली साल भाजते. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा. मुळं उथळ असल्याने फार खोल जावं लागत नाही. फांद्या एक तृतीयांश कमी केल्या तर वजन उतरतं आणि मुळांवरचा भारही. तुटलेल्या मुळांची टोकं साफ कापून झाड आठवडाभर सावलीत सुकू द्या. नव्या जागी पूर्वीच्याच खोलीवर लावा, तीन बाजूंनी आधार द्या आणि पानं दिसेपर्यंत पाणी बेतानेच. आधार पहिला पावसाळा उलटेपर्यंत काढू नका.